एका पोटमाळ्यानं बदललेला हिशेब : ई-९८ संचातलं खरं दुर्मीळ कार्ड कोणतं?

२०१२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डिफायन्स नावाच्या छोट्या शहरात, एका जुन्या घराची आवराआवर चालली होती. घरात राहणाऱ्या शेवटच्या बाई आदल्या वर्षी वारल्या होत्या आणि सगळं त्यांच्या वीसेक भाचे-पुतण्यांच्या वाट्याला आलं होतं. पोटमाळ्यावर लाकडी बाहुलीघराखाली काजळी धरलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं. आत सुतळीनं बांधलेले बेसबॉल कार्डांचे गठ्ठे होते. मोजली तेव्हा कार्डं सातशेच्या आसपास भरली. ती ई-९८ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संचातली होती.

एके काळी गावात मांसाचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांचं हे घर. ते १९४०च्या दशकात गेले, घर मुलींकडे राहिलं. १९१०च्या सुमारास दुकानात गिऱ्हाइकांना वाटायला कार्डं आली असावीत आणि उरलेली माळ्यावर गेली असावीत, असा घरच्यांचा कयास. त्यानंतर शंभर वर्षं गठ्ठ्यांना कुणाचा हात लागला नाही. त्यामुळे कोपरे टोकदार, रंग ताजे, कुठे घडी नाही की डाग नाही. ओहायोच्या त्या भागात पूर्वी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची अफाट दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा निचरा करून शेती उभी राहिली. त्या दलदलीवरून या घबाडाला ‘ब्लॅक स्वॅम्प फाइंड’ हे नाव पडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाल्टिमोरला भरलेल्या संग्राहकांच्या राष्ट्रीय संमेलनात यातली निवडक ३७ कार्डं लिलावात निघाली आणि त्यांना पाच लाख डॉलरहून जास्त रक्कम आली. होनस वॅगनर या गाजलेल्या खेळाडूचं एकटं कार्ड, ज्याला अवस्थेसाठी दहापैकी दहा गुण मिळाले होते, २ लाख ३९ हजार डॉलरला गेलं. वर्तमानपत्रांची बातमी इथे संपली. जुन्या कार्डांचा अभ्यास करणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र इथून सुरू झाला. जो संच कालपर्यंत दुर्मीळ म्हणून ओळखला जात होता, त्याची सातशे कार्डं एका दिवसात उजेडात आली. मग तो आता दुर्मीळ म्हणायचा की नाही? आणि त्याच्या तीस कार्डांपैकी कुठलं जास्त दुर्मीळ, हे ठरवायचं कसं?

हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं, कारण ‘दुर्मीळ’ या एका शब्दात आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो ते इथे लख्ख दिसतं.

संच कुणाचा, कधीचा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात आणि कॅरॅमलच्या पुड्यात बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत चित्रं घालायची चाल होती. या ढिगाला शिस्त लावली ती न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी. त्यांनी १९३९ साली छापील सूची काढली आणि पुढे प्रत्येक प्रकाराला अक्षर दिलं. तंबाखूबरोबरच्या कार्डांना टी, जुन्या मिठाईबरोबरच्या कार्डांना ई, असं. तीच वर्गवारी आजही चालते. बर्डिक १९६३ मध्ये वारले. त्यांचा सगळा संग्रह न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यात बेसबॉलचीच तीस हजारांवर कार्डं आहेत.

ई-९८ म्हणजे त्यांच्या सूचीतला मिठाईच्या गटातला ९८ क्रमांकाचा संच. कार्डं तीस. समोर खेळाडूचं रंगीत चित्र, मागे तिसांच्या नावांची यादी. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याच काळातल्या ई-९३ संचावर लँकॅस्टरच्या स्टँडर्ड कॅरॅमल कंपनीचं नाव आहे, ई-९५ आणि ई-९६ फिलाडेल्फिया कॅरॅमलचे आहेत. ई-९८ मात्र निनावी.

हा निनावीपणा दुर्मीळतेच्या हिशेबात फार महाग पडतो. कंपनी माहीत असली तर तिच्या जाहिराती धुंडाळता येतात, माल कुठल्या राज्यांत जात होता ते कळतं, कधी छपाईची कागदपत्रं निघतात. इथे तसा कुठलाच दुवा नाही. पुरावा म्हणून हातात आहेत फक्त कार्डं.

कार्डंही थोडं बोलतात. यादीत न्यू यॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचे रस फोर्ड आणि हिप्पो वॉन आहेत. फोर्ड १९०९ मध्ये जेमतेम एका सामन्यात दिसला होता. १९१०च्या मोसमात त्यानं २६ सामने जिंकले आणि रातोरात नावारूपाला आला. वॉनचाही पहिला पूर्ण मोसम १९१०चाच. म्हणजे ही यादी १९१०च्या आधी कुणी केली असेल हे संभवत नाही. साल नक्की करण्याचा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण एखादा संच किती काळ बाजारात होता यावर त्याची संख्या अवलंबून असते. प्रसिद्ध टी-२०६ संच १९०९ ते १९११ अशी तीन वर्षं सिगारेटच्या सोळा छापांबरोबर वाटला गेला, म्हणून त्याची साधी कार्डं आजही ढिगानं मिळतात. ई-९८ची छपाई एका मोसमापुरती झाल्यासारखी दिसते.

दुर्मीळ म्हणजे नक्की काय

एखादं कार्ड आज कमी दिसतं याला चार वेगळी कारणं असू शकतात. ते मुळात कमी छापलं गेलं असेल. छापलं पुष्कळ, पण लोकांपर्यंत कमी पोहोचलं असेल. पोहोचलं, पण टिकलं नसेल. किंवा टिकलंय, पण कुणाच्या तरी ट्रंकेत पडून आहे आणि आपल्या नजरेला आलेलं नाही. बाजार या चौघांना एकाच दरानं मोजतो. अभ्यासकाला तसं करता येत नाही, कारण पहिल्या तीन गोष्टी आता बदलणार नाहीत आणि चौथी उद्या सकाळीही बदलू शकते. डिफायन्सच्या पोटमाळ्यात बदलली ती ही चौथी.

मुळातच कमी छापल्याचं स्वच्छ उदाहरण बॉस्टनच्या गौडी गम कंपनीचं आहे. तिच्या १९३३च्या संचात २४० क्रमांक होते, पण १०६ नंबरचं कार्ड पाकिटांतून निघतच नव्हतं. पोरं ते मिळवायला च्युइंग गम विकत घेत राहिली. तक्रारीची पत्रं येऊ लागली तेव्हा १९३४ मध्ये कंपनीनं त्या क्रमांकाचं नॅप लाजवेचं कार्ड छापलं आणि तक्रारदारांना टपालानं धाडलं. इथे कारण, साल, वाटपाची रीत, सगळं माहीत आहे. अशा कार्डाला छापील दुर्मीळ म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.

टिकण्यातल्या फरकाचं उदाहरण याहून बोलकं आहे, आणि ई-९८कडे बघण्याआधी ते नीट समजून घ्यायला हवं. शिकागोच्या रूकहाइम बंधूंनी १९१४ मध्ये क्रॅकर जॅक या पाक चढवलेल्या पॉपकॉर्नच्या डब्यात १४४ कार्डांचा संच घातला. पुढच्या वर्षी जवळपास तीच चित्रं, तीच लाल पार्श्वभूमी ठेवून संच १७६चा केला. कार्डाच्या पाठीवर छापलेला छपाईचा आकडा कोटीच्या घरातला आहे. तरीही १९१४ची चांगली कार्डं १९१५च्या मानानं खूपच कमी मिळतात. कारण वाटपात आहे. १९१४चं कार्ड फक्त डब्यातून मिळायचं, म्हणजे पाकात लडबडलेलं आणि डागाळलेलं. १९१५ मध्ये मात्र शंभर कुपनं, किंवा एक कुपन आणि २५ सेंट पाठवले की अख्खा संच घरपोच यायचा. त्या कार्डांना साखरेचा स्पर्शही झाला नाही. एकच चित्र दोन वर्षं छापलेलं, त्यामुळे दोन्हींची तुलना केली की वाटपाच्या रीतीचा परिणाम वेगळा काढून दाखवता येतो. इतका नितळ प्रयोग या छंदात क्वचितच मिळतो. ई-९८ला असं जुळं भावंड नाही.

नोंदवहीतला आकडा आणि त्याची खोड

मग ई-९८साठी हाताशी काय उरतं? पहिली धाव असते ती ग्रेडिंग कंपन्यांच्या पॉप्युलेशन रिपोर्टकडे. पीएसए ही कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली, मग एसजीसी आणि बेकेट आल्या. त्या कार्ड तपासतात, अवस्थेनुसार १ ते १० गुण देतात, प्लॅस्टिकच्या कवचात बंद करतात आणि कुठल्या कार्डाची किती नोंद झाली ते जाहीर करतात. रांगेत तीस नावं, पुढे तीस आकडे. सगळ्यात लहान आकडा ज्याचा, ते सगळ्यात दुर्मीळ, असं म्हणायचा मोह होतो.

तो मोह आवरला पाहिजे. तपासणीला पैसे पडतात. टाय कॉब, होनस वॅगनर, साय यंग, ख्रिस्टी मॅथ्यूसन यांचं कार्ड कितीही चुरगळलेलं असलं तरी मालक ते तपासून घेतो, कारण शिक्क्यानं किंमत वाढते. सिनसिनाटीचा यष्टीरक्षक, म्हणजे कॅचर, लॅरी मॅक्लेन याचं घडी पडलेलं कार्ड मात्र कुणी पाठवत नाही, ते वहीच्या पानात तसंच राहतं. त्यामुळे नोंदीत कॉब जास्त आणि मॅक्लेन कमी दिसतो. जगातही तसंच असेल असं यावरून म्हणता येत नाही. ई-९८मधले निम्म्याहून जास्त खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले, म्हणून हा तिरपेपणा या संचात विशेष जाणवतो.

दुसरी खोड अशी की नोंद तपासण्यांची होते, कार्डांची नव्हे. मालकाला गुण कमी वाटले की तो कवच फोडून कार्ड पुन्हा पाठवतो. जुनं लेबल परत केलं नाही तर एकच कार्ड वहीत दोनदा चढतं. हे होतं ते महागड्या कार्डांच्या बाबतीत आणि गुणांच्या वरच्या पायऱ्यांवर. म्हणजे जिथे माणसं सर्वाधिक पैसे मोजतात, नेमका तिथलाच आकडा सर्वात कमी भरवशाचा.

यातून वाट आहे, आणि माझ्या मते या संचासाठी तीच सर्वात उपयोगी आहे. सगळी तीस नावं एका ओळीत तोलायचीच नाहीत. ज्यांची किंमत सारखी, त्यांचीच आपसात तुलना करायची. ॲल ब्रिडवेल, जॉर्ज मुलिन, रेड डूइन, हॅरी डेव्हिस, मॅक्लेन ही साधी कार्डं घ्या. यांना तपासणीला पाठवण्याचं कारण सारखंच बळकट किंवा सारखंच लेचंपेचं आहे. त्यांच्यात एखाद्याचा आकडा बाकीच्यांच्या निम्म्यावर आला, तर तो फरक मालकांच्या वागण्यातून आलेला नसणार. दुसऱ्या बाजूला कॉब, वॅगनर, यंग, मॅथ्यूसन यांची वेगळी पंगत. कॉबचा आकडा मॅक्लेनशेजारी ठेवून काही निष्कर्ष काढणं मला मुळीच पटत नाही.

इथेही एक गोष्ट सांभाळावी लागते. एखादं साधं कार्ड ‘अवघड’ असल्याची कुजबुज सुरू झाली की संच पुरा करणारे त्याला जादा दर देतात. दर चढला की घराघरांतल्या प्रती तपासणीला येतात आणि त्याचा आकडा फुगतो. म्हणून कुजबूज सुरू होण्याआधीच्या नोंदी मिळाल्या तर त्या अधिक निर्मळ मानाव्यात. जुन्या लिलावांच्या छापील पुस्तिका या कामी सोन्यासारख्या आहेत.

खोकं : नमुना की अपघात

आता परत पोटमाळ्याकडे. सातशे कार्डं आणि तीस नावं, म्हणजे सरासरी एका नावाला २३ कार्डं. समजा सगळी नावं सारखीच छापली गेली होती आणि खोक्यात ती निव्वळ योगायोगानं पडली. तरी प्रत्येकाची बरोबर २३ निघणार नाहीत. अशा मोजणीत सरासरीच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे जवळपास पाचचं, खालीवर होणं अगदी साहजिक. त्याच्या दुप्पट धरलं तर १४पासून ३२पर्यंतचा कुठलाही आकडा नशिबाचा खेळ म्हणून सोडून द्यावा लागतो. एखाद्या खेळाडूची पंधरा कार्डं निघाली म्हणून त्याला लगेच दुर्मीळ ठरवणं घाईचं होईल.

त्यात खोक्यातला माल योगायोगानं पडलेलाही नव्हता. ती दुकानात आलेल्या आणि वाटून उरलेल्या मालाची शिल्लक. छापखान्यात मोठ्या कागदावर शेजारी शेजारी छापलेली कार्डं कापल्यावर एकत्र रचली जातात, एकत्र बांधली जातात आणि एकत्र प्रवास करतात. एका कागदावरच्या जोड्या एका गठ्ठ्यात जास्त येणं साहजिक आहे. शिवाय गल्लीतल्या पोरांनी आवडत्या खेळाडूंची कार्डं आधीच मागून नेली असतील, म्हणजे शिल्लक मालात नावडती नावं जास्त राहिली असतील. तसं झालं की नाही हे शोधायला खोक्यातली वाटणीच बघावी लागते. तिथे कॉब आणि वॅगनर भरपूर असतील तर पोरांनी निवडून नेल्याचा तर्क ढिला पडतो.

सुदैवानं एक फार चांगली गोष्ट झाली. पीएसएनं या घबाडातल्या कार्डांच्या लेबलवर ‘ब्लॅक स्वॅम्प फाइंड’ अशी नोंद छापली. त्यामुळे आज ई-९८चे दोन ढीग वेगळे करता येतात. एक पोटमाळ्याचा. दुसरा बाकी जगाचा, म्हणजे अमेरिकाभरच्या घरांतून शंभर वर्षांत निसटत, झिजत, विकत इथवर आलेल्या कार्डांचा. हे दोन ढीग एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि अभ्यासाला खरं बळ मिळतं ते यातूनच. एखादा खेळाडू दोन्ही ढिगांत आपल्या पंगतीतल्या इतरांहून ठळकपणे कमी असेल, तर कारण छपाईत शोधायला हवं, कारण छपाई हा दोन्हींचा एकमेव समान भाग. खोक्यात कमी पण बाहेर नेहमीइतका असेल, तर तो डिफायन्सला गेलेल्या गठ्ठ्याचा अपघात. बाहेर कमी पण खोक्यात भरपूर असेल, तर छपाई पुरेशी झाली होती आणि पुढे कुठेतरी तो गळला.

दुर्दैव असं की ही लेबलं कायमची नाहीत. कवच फोडलं की उगम पुसला जातो. ज्यांच्याकडे या घबाडातली कार्डं आहेत त्यांनी ती त्याच कवचात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं, कारण त्या छोट्या पट्टीवर कार्डाचा इतिहास आहे आणि तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

वाघ मोजावेत तसं

बाकी जगातल्या ढिगात एकूण किती कार्डं असतील, याचा अंदाज घ्यायची एक रीत जंगलातून उसनी घेता येते. ताडोब्यात वाघ मोजताना कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे पहिल्या फेरीत दिसलेला वाघ दुसऱ्या फेरीत पुन्हा आला तर ओळखू येतो. परत दिसणाऱ्यांचं प्रमाण बघून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. शंभर वर्षांच्या कार्डालाही असे पट्टे असतात. चित्र कडेला किती सरकलंय, कुठला कोपरा दुमडलाय, शाईचा ठिपका कुठे आहे, पाठीवर डाग कसा आहे, यावरून प्रत नेमकी ओळखता येते. लिलावाची छायाचित्रं हेच आपले कॅमेरे.

निव्वळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. एका कालावधीत लिलावांत एका खेळाडूच्या ४० वेगळ्या प्रती दिसल्या. पुढच्या कालावधीत ३० दिसल्या, त्यातल्या १२ आधीच पाहिलेल्या निघाल्या. तर ४० गुणिले ३० भागिले १२, म्हणजे शंभरच्या आसपास प्रती फिरत असाव्यात. हिशेब सोपा आहे, छायाचित्रं जुळवायचं काम मात्र डोळ्यांची परीक्षा घेणारं.

या रीतीची मर्यादा माहीत असावी. काही कार्डं सतत हात बदलतात, काही चाळीस वर्षं एका घरात राहतात. सतत विकली जाणारी कार्डं पुन:पुन्हा दिसतात आणि अंदाज खाली ओढतात. म्हणून येणारं उत्तर बाजारात फिरणाऱ्या प्रतींचं असतं, अस्तित्वात असलेल्या सगळ्या प्रतींचं नसतं. पोटमाळ्यातली सातशे कार्डं या रीतीला २०१२ पर्यंत कधीच दिसली नसती. तरीही साध्या कार्डांची आपसात तुलना करायला ती पुरेशी आहे, कारण खाली ओढणारा दोष सगळ्यांना साधारण सारखाच लागतो.

अवस्थेची दुर्मीळता

लोकांचा सर्वात मोठा गोंधळ इथे होतो. २०१२च्या आधी ई-९८ची कार्डं मिळायची, पण बहुतेक खाल्लेल्या कोपऱ्यांची, घड्या पडलेली, पोरांनी खिशात वागवलेली. ती मिठाईबरोबर वाटलेली चित्रं, जपून ठेवायची वस्तू म्हणून ती कुणी बनवलीच नव्हती. वरच्या गुणांची कार्डं अशी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. खोकं उघडलं आणि आठ, नऊ, दहा गुणांची कार्डं एकदम पुढे आली. म्हणजे एकाच संचाच्या वाटणीत आता दोन टेकड्या दिसतात. एक झिजलेल्या कार्डांची, दुसरी कोऱ्या कार्डांची. मधली चांगली पण वापरलेली कार्डं आधीही थोडी होती आणि आजही थोडीच आहेत, कारण खोक्यानं त्यात फारशी भर घातलेली नाही.

त्यामुळे ‘ई-९८ आता सर्रास मिळतो’ हे म्हणणं चूक आहे. जो वरच्या गुणांचा संच जमवतो त्याचं जग पार बदललं. जो साधी, वापरलेली, पण स्वच्छ प्रत शोधतो त्याचा शोध २०१२च्या आधी जितका कठीण होता तितकाच आजही आहे. विकणाऱ्यांनीही समंजसपणा दाखवला. सगळा माल एकाच लिलावात न ओतता तो काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलं. भाव एकदम कोसळला नाही तो यामुळेही.

या कोऱ्या कार्डांचा आणखी एक उपयोग आहे. घबाडाबाहेरचं एखादं ई-९८ कार्ड फारच टोकदार कोपऱ्यांचं दिसलं तर त्याच्या कडा कापल्या आहेत का, हे तपासायला आता मापाचा खात्रीचा नमुना हाताशी आहे. ही शंका काल्पनिक नाही. टी-२०६मधलं जगातलं सर्वात गाजलेलं वॅगनर कार्ड कडा कापलेलं होतं, याची कबुली २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दिली गेली. तेच कार्ड कित्येक वर्षं उत्तम अवस्थेचा मानदंड म्हणून मिरवत होतं.

वॅगनरचं नाव निघालंच आहे तर आणखी एक गोष्ट. टी-२०६मध्ये त्याचं कार्ड लवकर मागे घेतलं गेलं. त्याला तंबाखूशी नाव जोडणं नको होतं की मोबदला हवा होता, यावर अजून वाद आहे. त्याच्या पन्नास-साठच प्रती माहीत आहेत आणि २०२२ मध्ये एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. ई-९८मध्ये त्याच वॅगनरचं कार्ड मागे घेतल्याची कुठलीच खूण नाही. त्याला जो भाव येतो तो नावाचा आणि अवस्थेचा. नाव तेच, साल जवळपास तेच, पण दुर्मीळतेची जात निराळी. म्हणून कुठल्याही कार्डाबद्दल बोलताना आधी संच सांगावा आणि मग खेळाडू.

निकाल, जितका देता येतो तितका

संच म्हणून ई-९८ आजही दुर्मीळच आहे, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेसारख्या देशात शंभर वर्षांनी एका घरातून सातशे कार्डं निघाली याची एवढी मोठी बातमी व्हावी, यावरूनच बाहेरचा साठा किती तुटपुंजा होता ते कळतं. टी-२०६ची सातशे कार्डं निघाली असती तर आनंद झाला असता, हिशेब बदलला नसता.

संचातल्या एकेका खेळाडूबद्दल मी जास्त सावध राहीन. हॉल ऑफ फेमवाल्यांचे आकडे मी दुर्मीळतेचा पुरावा म्हणून घेतच नाही. साध्या खेळाडूंत जो दोन्ही ढिगांत मागे पडेल त्याच्यापुढे मी खूण करीन. जो एकाच ढिगात मागे असेल त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ‘संचातलं सर्वात अवघड कार्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर पहिला प्रश्न हाच विचारावा की हा आकडा घबाड धरून आहे की वगळून. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि जाहिरातीत सोयीचं तेच छापलं जातं.

एक काम अजून मोठं आहे. ई-९८मध्ये एकाच खेळाडूचं चित्र वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर सापडतं. त्यामुळे प्रश्न तीस कार्डांवर थांबत नाही, खेळाडू आणि रंग यांच्या जोड्यांपर्यंत जातो. कॉब साधारण मिळत असेल, पण एका विशिष्ट रंगातला कॉब क्वचित दिसत असेल. रंग बदलायला छापखान्यात शाई बदलली असेल, म्हणजे प्रत्येक रंग ही वेगळी फेरी असू शकते, आणि प्रत्येक फेरीत सगळे खेळाडू होते की काहीच, हे रंगवार मोजणी केल्याशिवाय कळणार नाही. हे कळलं तर निनावी छापखान्याच्या कामाची रीतही थोडीफार उलगडेल. जुन्या लिलावांच्या अनेक नोंदींत रंगाचा उल्लेख नसतो, पण छायाचित्र असतं, आणि त्यात रंग दिसतो. सुरुवात साध्या कार्डांपासून करावी, कारण तिथे किमतीचा गोंगाट नाही. एक तक्ता ब्लॅक स्वॅम्पच्या कार्डांचा, एक बाहेरच्यांचा, दोन्हींत आडव्या ओळीत खेळाडू आणि उभ्या रकान्यात रंग. दोन्ही तक्त्यांत जी चौकट रिकामी राहील तिथून पुढचा शोध सुरू करावा.